लहान वाटा आधी

तिंजल्लेत, २ नोव्हेंबर

तय्यब,

सलाम. हे अक्षर तुझ्या ओळखीचं नाही, पण ते माझंच आहे. तू गाव सोडलंस तेव्हा मी अंगठा उठवत होते, म्हणून हे कुणा मास्तरकडून लिहवून घेतलंय असं तुला वाटेल. तसं नाही. तुझ्या भावाने, लख्दरनी, मला वाचायला शिकवलं आणि पुढे त्यांची नजर गेली. नजर जाणार हे डॉक्टरांकडून कळल्यावर त्यांनी मला शिकवायला घेतलं की काय, हे मी कधी विचारलं नाही. शेवटची बरीच वर्षं ते बसायचे आणि मी वाचायचे. त्यामुळे मला मनातल्या मनात वाचता येत नाही. तोंडातून आवाज निघाल्याशिवाय अक्षर पुढे सरकत नाही. अजूनही दुपारी वाचते. समोरची चटई तेवढी रिकामी असते.

नवऱ्यामागची चार महिने दहा दिवसांची इद्दत संपली. पांढरे कपडे धुऊन ठेवून दिले. तू आला होतास हे मला माहीत आहे. कबर खणणाऱ्याने सांगितलं, दफन होऊन लोक परतल्यावर टॅक्सी उभी करून एकजण आला, मातीला हात लावला आणि गेला. म्हणाला, बुटांवरून सरकारी माणूस वाटला. मी विचारलं, कान कसे होते? म्हणाला, लख्दरसाहेबांसारखेच, बाहेर आलेले. मग तूच. घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. असो, हे पत्र त्यासाठी नाही.

मैमूना नावाची मुलगी आहे, तुझ्या भावाची शेवटची विद्यार्थिनी. लख्दर गेल्यावर विद्यापीठाने त्यांची खोली दुसऱ्या कुणाला दिली. त्यांचं टेबल आणि दगडांचे नमुने आमच्या घरी आले, आणि टेबलाच्या मागोमाग मैमूना आली. बाहेरच्या खोलीत बसून तिने प्रबंध पुरा केला. विषय आपला फग्गारा, जमिनीखालचा पाट. जमिनीखालून पाणी किती येतं, वाटेत किती मुरतं, आणि वर आल्यावर कुणाच्या बागेत किती जातं, कुठल्या हक्काने जातं, हे सगळं त्यात आहे. लख्दरनी जन्मभर केलेलं काम त्यात पुढे गेलंय. ती नसती तर ते त्यांच्याबरोबरच थांबलं असतं.

प्रबंध गेल्या आठवड्यात परत आला. तो तपासायला लोकगीतं आणि मौखिक परंपरा या शाखेच्या लोकांकडे गेला होता. त्यांनी लिहिलंय, "गीतांचा विचार अत्यल्प. आकडेमोड अनावश्यक." मैमूनाने ते मला वाचून दाखवलं आणि म्हणाली, "मावशी, मी नळाच्या मिस्त्रीला बोलावलं आणि दारात सनईवाला आला. वर तोच मला म्हणतो, तुमच्याकडे सूर नाही." आम्ही दोघी हसलो. मग ती दोन दिवस आली नाही.

या शैक्षणिक वर्षात तिची तोंडी परीक्षा झाली नाही तर तिची नोंदणी रद्द होते. पुन्हा नोंदणी करायला मार्गदर्शक लागतो, आणि मार्गदर्शक कबरीत आहे.

वर्तमानपत्रात वाचलं की सगळ्या संशोधनशाखांची वर्गवारी नव्याने लावायला समिती बसली आहे आणि तू तिचा सचिव आहेस. मैमूनासाठी शब्द टाक असं मी म्हणत नाही. मला इतकंच सांग, एखादं काम कुठल्या शाखेचं, हे तुमच्याकडे ठरतं कसं?

मबरूका


२१ नोव्हेंबर

तय्यब,

तुझं उत्तर आलं नाही. पण मी विचारलं होतं ते आता कळलंय, तेव्हा तुझे कष्ट वाचले.

मैमूनाने राजधानीतल्या कार्यालयात फोन लावला. मी शेजारी होते. तिकडच्या बाईंनी विचारलं, "प्रबंधाच्या अर्जात पहिल्या रकान्यात कुठली शाखा भरली होती?"

"लोकगीतं."

"मग लोकगीतांकडेच जाणार ना!"

"पण त्याच्यापुढे दहा टक्के लिहिलंय मी. शेवटच्या रकान्यात जलविज्ञान, पंचेचाळीस."

"टक्के कोण बघतं, बाई? यंत्र पहिला रकाना उचलतं. मला एक सांगा, मुख्य विषय सोडून तुम्ही गाणी पहिली का लिहिलीत?"

 मैमूनाला प्रश्नच कळेना. तिने विचारलं, "मग कसं लिहितात?"

तिने दहा टक्के गाणी लिहिली, कारण खणणारे खाली उतरताना जे म्हणतात त्यात कुठल्या विहिरीनंतर पाट कुठे वळतो ते सांगितलेलं आहे. मग पंधरा कायदा, जुन्या वाटपाचे आणि विक्रीचे कागद. मग तीस गणित. मग पंचेचाळीस पाणी. तुला यात काही वावगं दिसतं का? मला दिसलं नव्हतं.

फोन ठेवून आम्ही बा सालेमकडे गेलो. पाण्याचा मापारी अजून तोच आहे. ऐकू कमी येतं, पण मोजायला कान लागत नाहीत असं म्हणतो. मैमूनाने त्याला ओरडून सांगितलं की अल्जिअर्समध्ये मोठा वाटा आधी लिहितात.

"काय लिहितात?"

"मोठा! आधी!"

तो हातातला चहा खाली ठेवून म्हणाला, "मोठ्याची आठवण ठेवायला माणूस कशाला लागतो? मोठा राहिला तर गाव डोक्यावर घेईल. लहान राहिला तर कुणाला पत्तासुद्धा लागणार नाही. म्हणून आधी लहान. हे तिकडच्या लोकांना आयांनी शिकवलं नाही?"

"त्यांच्याकडे नळ आहेत, बा."

"मग बरोबर," म्हणाला. "नळवाल्यांना कशाला समजेल."

आता पुढचं नीट वाच. मैमूनाने तिचा अर्ज लख्दरच्या जुन्या अर्जावरून उतरवला होता. तोच अर्ज, ज्यावरून तुम्ही दोघांनी बोलणं टाकलंत. लख्दरनी फग्गाऱ्यांच्या अभ्यासासाठी वेगळा गट मागितला होता, मोजणीची उपकरणं मागितली होती. तुमच्या त्या वेळच्या समितीने त्यांचं काम लोकपरंपरेत घातलं. उपकरणं मिळाली नाहीत. एक ध्वनिमुद्रक मिळाला. "माझ्या सख्ख्या भावाने मला ढोलवाल्यांत नेऊन बसवलं," असं ते म्हणाले, आणि त्यानंतर या घरात तुझं नाव निघालं नाही. निदान घरात नाही.

त्या अर्जातही गाणी पहिली होती, आणि त्यांच्यापुढे सगळ्यात लहान आकडा.

म्हणजे तुमच्या समितीत कुणी त्यांचा पाणउतारा केला नव्हता. आपण मापाच्या काठावर लहान वाट्यापासून जसे उभे राहतो तसं ते कागदावर लिहीत गेले आणि तिकडे कुणीतरी वरून पहिली ओळ वाचली. हे त्यांना कधी कळलं नाही. मला कळलं, तर ज्यांना धावत जाऊन सांगावं ते नाहीत. त्या दिवशी मी घरी येऊन चूल पेटवली आणि काय शिजवायचं ते विसरून गेले.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. समितीतले बाकीचे ओरानचे, अल्जिअर्सचे. त्यांनी लहान वाटा पहिला पाहून तोच मुख्य धरला, तर त्यांचा दोष नाही. पण तू वाट्यांचं पाणी विभागणाऱ्या त्या दगडी फणीच्या काठावर पाण्यात पाय सोडून बसायचास आणि बा सालेम तुला काठीने उठवायचा. तू तो अर्ज पाहिला असशील. पाहिलास तर तुला कळलं नाही?

मबरूका


१४ डिसेंबर

तय्यब,

तुझं पत्र मिळालं. टंकलेलं, वर समितीचा शिक्का, खाली सही. "महोदया" असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मी ते मोठ्याने वाचलं, माझा नाइलाज आहे, त्यामुळे बाहेरच्या खोलीत मैमूनाने ते ऐकलं. "मावशी, महोदया म्हणजे तुम्ही?" म्हणाली. "मग मी यापुढे उठून उभी राहत जाईन."

तू लिहितोस, एक काम, एक शाखा, हे तत्त्व जगभर मान्य आहे. एकच काम चार ठिकाणी धरलं तर देशात संशोधन किती होतं याची मोजदाद चौपट फुगेल. हे मला पटलं. एकच पाणी चार बागांच्या नावावर पूर्ण लिहिलं तर कागदावर समुद्र होईल. पण आपल्याकडे पूर्ण कुणी लिहीत नाही, वाटे लिहितात. वाट्यांची बेरीज पाण्याइतकीच येते. तुमच्याकडे टक्क्यांचे रकाने आहेतच. ते भरायला लावता आणि वाचत नाही, एवढंच मला दिसतं. मी यातली जाणकार नाही. चुकत असेन तर तसं लिही, पण शिक्क्याशिवाय लिही.

तू पुढे लिहितोस, "संबंधित उमेदवार माझ्या दिवंगत भावाची विद्यार्थिनी असल्याने या प्रकरणात मला सहभागी होता येणार नाही." ठीक. मी ते मागितलंही नव्हतं.

आणि लख्दरच्या अर्जाबद्दल मी जे विचारलं होतं, त्यावर एक शब्द नाही. तेही ठीक.

इथलं सांगते. खजूर उतरून झाल्यावर पाट उपसला आणि परवा माप झालं. पाणी गेल्या खेपेपेक्षा थोडं कमी आहे. वरच्या अंगाला कुणीतरी विजेचा पंप बसवलाय, त्याच्यावरून भांडण सुरू आहे. मापाच्या वेळी सगळे काठावर उभे होते. बा सालेमने मापाचा तांब्याचा पत्रा धुतला, पाण्यात धरला आणि पहिलं नाव पुकारलं.

पहिलं नाव कुणाचं ते तुला आठवतं की नाही, मला माहीत नाही. शिकायला जाताना तू तुझा वाटा लख्दरना विकलास, आणि जवाच्या दाण्याएवढं एक भोक तेवढं ठेवलंस. तुझ्या वडिलांनी ठेवायला लावलं. ते म्हणाले होते, ज्याचं फणीत भोक नाही तो या गावचा नाही. त्या भोकातून येणारं पाणी एका डाळिंबालाही पुरत नाही. पण साऱ्या गावात तोच सगळ्यात लहान वाटा आहे, म्हणून दर मापाला पहिली हाक तुझीच असते. तय्यब बिन हम्मू.

हाकेला कुणालातरी "आहे" म्हणावं लागतं. कुणी म्हटलं नाही तर मापारी पुन्हा एकदा पुकारतो, आणि मग चिखलाचा गोळा लावून फणीतलं ते भोक बुजवतो. पाणी मशिदीच्या हौदात जातं.

इतकी वर्षं ते भोक कसं उघडं राहिलं? घरात तुझं नाव काढायची बंदी होती. मला एकदा चुकून तुझं लहानपण आठवलं आणि मी बोलून गेले, तर ते जेवणावरून उठले. पण मापाच्या दिवशी बा सालेमने "तय्यब बिन हम्मू" म्हटलं की लख्दर "आहे" म्हणायचे. मी बायकांच्या भिंतीमागून ऐकायचे. नजर गेल्यावर त्यांना हात धरून काठावर न्यावं लागायचं, तरी जायचे. स्वतःच्या वाट्याला, तो बराच नंतर येतो, कधीकधी बसल्याबसल्या मान हलवायचे. तुझ्या वाट्याला उभे राहायचे.

परवा मी बायकांच्या भिंतीपुढे गेले. बा सालेमने पुकारलं. कुणी बोललं नाही. त्याने मुद्दाम पत्रा पुन्हा एकदा धुतला. मी म्हटलं, "आहे." पुरुष वळून बघायला लागले. पंपवाल्याचा काका म्हणाला, "हे काय नवीन? बाईने उत्तर द्यायचं?"

बा सालेम म्हणाला, "काय म्हणालास?"

तो परत म्हणाला.

"ऐकू येत नाही रे मला," बा सालेम म्हणाला. "एक 'आहे' तेवढं ऐकू आलं." आणि त्याने पुढचं नाव पुकारलं.

तुझं भोक उघडं आहे.

मबरूका


९ जानेवारी

तय्यब,

हाताने लिहिलेलं पत्र आलं. तुझं अक्षर लख्दरसारखंच डावीकडे कलतं, हे मला माहीत नव्हतं. पहिल्यांदा पाकीट हातात घेतलं तेव्हा मी पाठवणाऱ्याचं नाव दोनदा वाचलं.

वर तू लिहिलं होतंस, "वहिनी, हे आपल्या दोघांतच राहू दे." म्हणून मी मैमूनाला भाकरीसाठी दुकानात पाठवलं आणि दार लावून वाचलं.

आता मला कळलं ते असं. त्या दिवशी लख्दरचा अर्ज समोर यायच्या आधी अध्यक्षांनी विचारलं, कुणाचा नातेवाईक आहे का. तू हात वर केलास, नियमाप्रमाणे उठून बाहेर गेलास आणि वऱ्हांड्यात उभा राहिलास. तुझ्या हातात कॉफी होती. आत तो अर्ज वाचला गेला आणि बंद झाला. तू परत आत गेलास तेव्हा पुढचा अर्ज निघाला होता. रात्री इतिवृत्त टाइप करताना तुला गाणी पहिली दिसली आणि काय झालंय ते त्याच क्षणी कळलं. पण निर्णय झालेला होता. उघडावा तर लोक म्हणतील भावासाठी उघडला. महिन्याभरात तुला लख्दरचं पत्र आलं, त्यातही तेच ढोलवाल्यांचं वाक्य, आणि मग तू म्हणालास, जाऊ दे.

तू विचारतोस, मी चुकलो का.

बाहेर गेलास ते बरोबर होतं. तू आत बसून भावाची बाजू मांडली असतीस तर मला ते आवडलं नसतं, आणि लख्दरना तर मुळीच नाही. फक्त त्या इमारतीत तो कागद वाचता येणारा एकच माणूस होता आणि तो वऱ्हांड्यात होता. यात कुणाला दोष द्यावा ते मला ठरवता येत नाही. मी प्रयत्न केला. तुझ्यावर धरायला गेले, तर तू हातात कॉफी घेऊन उभा दिसतोस.

नंतर गप्प बसलास त्याचं वेगळं. निर्णय फिरवता आला नसता, पण दोन ओळी लिहून तुझ्या भावाला कळवता आलं असतं की तुला ढोलवाल्यांत कुणी बसवलं नाही, तू स्वतःच लहान वाटा आधी लिहिलास. ते हसले असते. मला माहीत आहे ते कसे हसले असते. ते हसणं मला ऐकायला मिळालं नाही, ते तुझ्या नावावर आहे. मी ते पुन्हा काढणार नाही.

मैमूनाचा अर्ज निघाला की तुला पुन्हा बाहेर जावं लागेल, असं तू लिहितोस. जा. पण अर्ज निघायच्या आधी तुम्ही नियम करणार ना? वाटे कसे वाचायचे, वरून खाली की आकड्याने, हे ठरवताना कुणाचं नाव समोर नसतं. नियमाला भाऊ नसतो, वहिनी नसते. तेव्हा तुला खोलीत बसता येईल.

मला कुणाचा निर्णय फिरवून घ्यायचा नाही. लख्दरचा तर आता फिरवूनही काय करायचं. पण एक शिकलेली मुलगी बाहेरच्या खोलीत माझ्या नवऱ्याच्या टेबलावर बसली आहे आणि तिचं चाललेलं काम थांबू नये, एवढं मला हवंय. दुसरं काही हवं असेल तर ते मिळण्यासारखं नाही.

मबरूका

ता. क. मैमूना भाकरी घेऊन लवकर आली आणि दाराबाहेर उभी राहिली. तिने सगळं ऐकलं. मी रागावले तर म्हणाली, "मावशी, तुम्ही बांग दिल्यासारखं वाचता, आणि मी काय कानात बोटं घालू?" मग तिने भाकरीचा तुकडा मोडला आणि म्हणाली, "बिचारा." लख्दरना म्हणाली की तुला, ते मी विचारलं नाही.


३० मे

तय्यब,

मधल्या काळात तुझं पत्र नव्हतं. त्याचा मी काही अर्थ लावला नाही. खजुरांना परागण करायचं होतं, पंपाचा खटला तालुक्याला चालू होता आणि मी साक्षीला जाऊन आले.

परवा नवी वर्गवारी छापून आली. मैमूनाने विद्यापीठातून आणली. वीटभर जाड आहे. मी ती पहिल्या पानापासून वाचली. मैमूना म्हणाली, असली पुस्तकं कुणी पहिल्या पानापासून वाचत नाही. पण मला मधूनच सुरुवात करायला कुणी शिकवलेलं नाही. दुपारभर मी शाखांची नावं मोठ्याने म्हणत होते आणि शेजारणीने भिंतीवरून विचारलं, कुणासाठी दुवा मागतेस?

फग्गाऱ्याला स्वतंत्र शाखा मिळालेली नाही. मैमूनाने आधी तेच शोधलं, आणि तिचं तोंड उतरलं. लख्दरना ती हवी होती. आयुष्यभर ते म्हणायचे, आमच्या नावाची एक पाटी लागली पाहिजे. ती लागली नाही, आणि पुढेही लागेलसं वाटत नाही. मी मैमूनाला म्हटलं, पाटी राहू दे, पुढचं वाच.

पुढे नियम आहे. कामाच्या शाखा वाट्यांनी धरल्या जातील. वाटे आकड्यांनी वाचले जातील, रकान्यांचा क्रम विचारात घेतला जाणार नाही. ज्या शाखेचा वाटा सर्वांत मोठा तिच्याकडे परीक्षणाची जबाबदारी, आणि बाकीच्या शाखांतून किमान एक परीक्षक. लहानातल्या लहान वाट्यालाही वाचणारा मिळेल. मैमूनाने ते उभ्याने वाचलं, मग बसून वाचलं, आणि मग म्हणाली, "म्हणजे सनईवालासुद्धा येणार."

"येऊ दे," मी म्हटलं. "दहा टक्के आहे त्याचं."

तिचा प्रबंध आता पाण्याच्या लोकांकडे गेलाय. तोंडी परीक्षा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, उन्हाचा कहर असताना. वारग्लाला तिचा होणारा नवरा आहे, तो इतकी वर्षं थांबलाय. तो म्हणाला, परीक्षा झाली की लगेच लग्न, नाहीतर समिती आणखी एखादी वर्गवारी काढेल. ती निवड तिची आहे. टेबल मी तिला दिलं. दगडांचे नमुनेही घेऊन जा म्हटलं, तर म्हणाली, ते इथेच बरे. आणि आठवड्यातून एकदा फोन करेन, तुम्ही मला वाचून दाखवायचं. मी हो म्हटलं.

आता एक सांगायचं राहिलं.

नियमाखाली नमुना म्हणून एक उदाहरण छापलंय, अर्ज कसा भरावा त्याचं. विषय कुणा दुसऱ्याच कामाचा आहे, मेंढीच्या लोकरीच्या रंगांवरचं काहीतरी. त्याला चार शाखा. पहिली ओळ, इतिहास, पाच. दुसरी, अर्थशास्त्र, पंधरा. तिसरी, वनस्पतिशास्त्र, तीस. चौथी, रसायन, पन्नास.

मी ते वाचलं आणि थांबले. मग पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचलं. क्रम विचारात घेतला जाणार नाही असं वरच लिहिलेलं आहे, तेव्हा देशभरातल्या विद्यापीठांत ते पान हजारो लोक वाचतील आणि कुणाला काही दिसणार नाही. ओरानच्या माणसाने ते लिहिलं असतं तर रसायन पहिलं आलं असतं. मैमूनाने माझ्या खांद्यावरून पाहिलं.  तिने माझ्या हातातून पुस्तक घेतलं, ते पान उघडं ठेवून लख्दरच्या चटईवर ठेवलं आणि चहा करायला गेली.

मी त्यांना ते वाचून दाखवलं. लागला वेळ, लागला तर लागला.

खजूर यंदा चांगला आहे. उतरून झाला की पाट उपसतील, आणि मग माप. बा सालेम म्हणतो, हे माझं शेवटचं, पुढच्या वर्षी मुलगा करेल. पण असं तो दरवर्षी म्हणतो. पत्रा पाण्यात धरल्यावर पहिलं नाव तो कुणाचं पुकारेल ते तुला माहीत आहे.

मी या खेपेला भिंतीमागेच बसणार आहे. मी उत्तर देणार नाही.

बा सालेम दोनदा पुकारतो. पहिल्या हाकेनंतर तो पत्रा पुन्हा धुतो, आणि त्याचा हात आता फार हळू चालतो.

मबरूका